तांब्याचे शंभर

निपाणी,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय त्रिशला,

तुझ्या प्रतिज्ञापत्राच्या नवव्या परिच्छेदात तू असे म्हटले आहेस, की विरोधअर्ज दाखल झाल्यानंतर, ऑगस्ट २०२५ मध्ये, तू चौकशीसाठी लेखकाशी बोललीस आणि आपल्या लेखातील कोष्टक दोन प्रकारे वाचता येते हे लेखकाने स्वतःहून मान्य केले. या एका वाक्यात तीन चुका आहेत. आपले बोलणे ऑगस्टमध्ये झालेले नाही. ते गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला झाले, आणि तेव्हा विरोधअर्जाचा पत्ताही नव्हता. ती चौकशी नव्हती. तू माहेरी आली होतीस, जेवणे झाली होती आणि आपण दोघे सोप्यात बसलो होतो. तिसरे, मी काहीही मान्य केलेले नाही. मी तुला एक गंमत सांगितली आणि तू पदर तोंडाला लावून हसलीस. प्रतिज्ञापत्रात हसण्याची नोंद करण्याची पद्धत नाही, हे मला समजते. तारखेची मात्र आहे.

मायन्यात नेहमीचे 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद' नाहीत, हे तुझ्या ध्यानात आले असेल. ते विसरलेले नाहीत. तुझ्या प्रतिज्ञापत्रातील इंग्रजी निर्दोष आहे. एकही स्वल्पविराम हललेला नाही. ते वाचताना, दुसरा परिच्छेद सोडला तर, पहिली दोन पाने मला अभिमानच वाटत होता, आणि तो चौथ्या पानावर कसा संपला ते मी पुढे लिहितो. तुला यातील बहुतेक गोष्टी ठाऊक आहेत. तरीही मी क्रमाने लिहिणार आहे, कारण तुझ्या कागदात मोडला आहे तो क्रमच.

तो कागद मला गेल्या बुधवारी, खंडेनवमीला मिळाला. दरवर्षीप्रमाणे मारुतीरावांचा मुलगा स्वरूप सकाळी गाडी घेऊन आला आणि मला बेळगावला उद्यमबागेतल्या त्यांच्या फाउंड्रीवर घेऊन गेला. खंडेनवमीला तेथे भट्टी थंड असते. मुशी धुऊन, पालथ्या घालून, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, हे तुला आठवत असेल. या वर्षी माळा होत्या, माणसे नव्हती. काकतीहून येणाऱ्या कामगारांपैकी तिघेच आले होते. जानेवारीत तुझ्या कंपनीने पाठवलेल्या पेटंटभंगाच्या नोटिशीनंतर दोन साखर कारखान्यांनी आणि गुऱ्हाळांना चरक पुरवणाऱ्यांनी चरकाचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशांच्या ऑर्डरी थांबवल्या आहेत, आणि जी भट्टी रोज पेटत असे ती आता आठवड्यातून एकदा पेटते. मारुतीराव खुर्चीत बसून होते. त्यांना आता ऐकू फार कमी येते, म्हणून ते स्वतः मोठ्याने बोलतात. पूजा झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि सर्वांदेखत जे विचारले, ते मी जसेच्या तसे लिहितो. "सर, आपली त्रिशला कुठं असती आता? पुण्यात न्हवं? तिला इचारा की जरा. ह्ये पेटंट-बिटंट तिला लई कळतंय म्हनत हुता तुम्ही. घरचीच पोर हाय, काय तर वाट दावंल."

स्वरूपने प्रसादाचे ताट उचलले आणि तो उगाचच आत गेला. परतताना काकती मागे पडल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि पाठीमागच्या आसनावरचा लिफाफा माझ्या हातात दिला. "सर, तुमी वाचा. सही बघिटली तवाच वळखलं मी. पूर्णिमा मॅडमना सांगितलं न्हाय अजून. तुमच्या तोंडातनं येऊ दे म्हटलं." पूर्णिमा म्हणजे कॅम्पात कार्यालय असलेली त्याची पेटंट वकील. तुझ्या सासरच्या आडनावामुळे तिला काहीच कळलेले नव्हते. स्वरूप तुला लहानपणापासून ओळखतो. त्याच्या सायकलवर तू पडलीस आणि मार त्याने खाल्ला, तोच हा स्वरूप. त्याने एवढा कागद आठ दिवस जवळ ठेवला आणि मला दाखवला नाही, याचे कारण त्याला माझी दया आली. हे मला कोणत्याही कोर्टात सिद्ध करता येणार नाही. मला ते त्याच्या तोंडावर दिसले.

आता मूळ वाद. तुझ्या कंपनीने २०२१ मध्ये उसाच्या चरकाच्या बुशासाठी एका काशाच्या मिश्रधातूचे पेटंट मागितले आणि गेल्या वर्षी ते मंजूर झाले. त्यातील दावा असा: कथील साडेनऊ ते साडेदहा टक्के, शिसे साडेचार ते साडेपाच, निकेल सव्वादोन ते पावणेतीन, उरलेले तांबे. हे नवे आहे, असे कंपनी म्हणते. ते नवे नाही, असा स्वरूपचा विरोधअर्ज आहे. मारुतीराव हाच धातू पस्तीस वर्षे ओतत आले आहेत. पण ओतणारा माणूस प्रमाणाचा कागद ठेवत नाही, आणि कोणता बुश कोणत्या साली ओतला हे बुश सांगत नाही. त्यामुळे स्वरूपच्या बाजूने छापील पुरावा एकच आहे: बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांच्या मेळाव्यात वाटलेल्या स्मरणिकेतील माझा लेख आणि त्यातील सात ओळींचे कोष्टक. त्याची तिसरी ओळ आहे 'चरकाचा बुश: कथील १२, शिसे ६, निकेल ३'. शीर्षक आहे 'मिश्रणाची प्रमाणे, शेकडा, वजनाने'. तांब्याला रकाना नाही.

सगळा वाद त्या नसलेल्या रकान्याचा आहे. तुझे म्हणणे असे, की बारा, सहा आणि तीन हे तयार धातूच्या शंभरातले आहेत, म्हणजे तांबे एकोणऐंशी उरते आणि माझा धातू तुमच्या दाव्याच्या बाहेर पडतो. भट्टीवर असे कोणीही मोजत नाही. भट्टीवर तांबे आधी मुशीत जाते. हातात असेल तेवढे तांबे तोलायचे, त्यालाच शंभर मानायचे आणि बाकीचे त्या शंभरावर काढायचे, असा तो रिवाज आहे. म्हणून तांब्याला रकाना लागतच नाही. तेच माप आहे. तसे वाचले, तर शंभर तांबे, बारा कथील, सहा शिसे, तीन निकेल, एकूण एकशे एकवीस. त्यातले कथील दहा टक्क्यांना किंचित कमी, शिसे जवळपास पाच, निकेल अडीचच्या आत. तिन्ही आकडे तुमच्या दाव्याच्या मधोमध बसतात. असा लेख त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाने कसा वाचला असता, एवढाच प्रश्न पेटंट कार्यालयापुढे आहे. आणि तो जाणता माणूस कसा वाचतो, हे तुला ऐकून नव्हे, पाहून ठाऊक आहे.

पाहून, म्हणजे तू दहा वर्षांची असताना. तेव्हा आपण टिळकवाडीत भाड्याने राहत होतो आणि मी तंत्रशाळेत धातुशास्त्र शिकवत होतो. माझे अक्षर छापखान्याला लागत नसे, म्हणून लेखाची स्वच्छ प्रत तू काढत होतीस. सातव्या ओळीशी येऊन तू थांबलीस. ती ओळ अशी होती: 'हार्डनर: कथील नाही, शिसे नाही, निकेल १००'. निकेल मुशीत सहजी विरघळत नाही, म्हणून आधी तांबे आणि निकेल समभाग वितळवून त्याच्या कांड्या करून ठेवतात आणि ओतताना त्या मोडून टाकतात. त्या कांड्यांची ती ओळ. तू पेन्सिल चावत मला विचारलेस, "आप्पा, शंभरात शंभर निकेल झालं, मग तांबं कुठं ठेवायचं?" मी ते समजावून सांगू शकलो असतो. पण मला तो प्रश्न इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी तुला सायकलवर पुढे बसवून मी मारुतीरावांकडे नेले आणि तुझ्याकडूनच तो पुन्हा विचारवला.

मारुतीराव तेव्हा चाळिशीत होते आणि त्यांचा आवाज आताइतका मोठा नव्हता. ते तुला म्हणाले, "आक्का, तांबं म्हंजे घरचा मालक. मालकाला कोन मोजतं व्हय? मोजायचे ते पावणे. शंभर मालकामागं बारा कथलाचे पावणे आले, सहा शिश्याचे आले, तीन निकेलचे. आनि हितं तर मालकाइतकेच पावणे आल्यात, म्हून शंभर." तू विचारलेस, "मग मालक जेवतो कुठं?" आणि मुशीभोवतीची सगळी माणसे हसली. मारुतीराव म्हणाले, "लई वांड हाय की वो सर तुमची पोर. मालक जेवत न्हाय, मालक वाढतो." त्या संध्याकाळी तू सातही ओळींची बेरीज करून टक्के काढलेस. एक चूक होती, ती माझ्याकडे न दाखवता तूच शोधलीस.

आता जे लिहितो, ते तुला ठाऊक नाही. सातवी ओळ मी लेखातून काढून टाकणार होतो. हार्डनर विकत मिळू लागले होते आणि वाचकाला त्या ओळीचा उपयोग नव्हता. तुझ्या प्रश्नामुळे ती राहिली. माझ्या ध्यानात आले, की जो माणूस या कोष्टकाला तयार धातूचे टक्के समजेल, तो सातव्या ओळीशी येऊन अडखळेल, कारण शंभर टक्के निकेल म्हणजे तांब्याचा मिश्रधातूच नव्हे. अडखळला की तो मागे जाईल आणि पहिल्या सहा ओळी नीट वाचील. दहा वर्षांची मुलगी अडखळली, तर मोठा माणूसही अडखळेल. एवढ्याच हेतूने ती ओळ तेथे छापली गेली.

तुझ्या प्रतिज्ञापत्राच्या चौथ्या पानावर माझ्या कोष्टकाचे भाषांतर आहे. त्यात सहा ओळी आहेत. खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'संबंधित भाग'. आणि माझ्या शीर्षकात नसलेले शब्द भाषांतरात आले आहेत: 'तयार मिश्रधातूच्या वजनाच्या'. भाषांतर करणाराचे नाव तुझे आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मला वाटले, छायाप्रत कापली गेली असेल. मग सहाव्या ओळीखाली ओढलेली दुहेरी रेघ दिसली. कोष्टक संपल्याची रेघ तू स्वतः ओढली आहेस. वाद घालण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे कोष्टक संदिग्ध आहे, असे सातही ओळी पुढे ठेवून तू म्हणाली असतीस, तर मी ते तुझे मत समजलो असतो, आणि कदाचित तुझ्या युक्तिवादातला एखादा कच्चा दुवा तुला दाखवूनही दिला असता. तू जाणत्या वाचकाला त्याचा अडखळण्याचा दगडच दाखवला नाहीस, आणि तो अडखळला नाही असे लिहून मोकळी झालीस.

आता पाडव्याच्या दिवसाविषयी. तू अनेक वर्षांनी पाडव्याला थांबलीस म्हणून तुझी आई आधीपासून चुलीशी होती. सकाळी बसदीत पूजा होऊन निर्वाणलाडू वाहून झाला, दुपारी जेवणे झाली, आणि तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "आप्पा, तुमचा तो स्मरणिकेतला लेख आहे का हो अजून? मला पुन्हा वाचायचाय." एखाद्या निवृत्त शिक्षकाला त्याच्या मुलीने असे विचारले, तर त्याचे काय होते याची तुला कल्पना नसेल. मी फडताळातून स्मरणिका काढली. मी दुपारभर बोललो. आपल्या जैन रिवाजाप्रमाणे दिवे लागायच्या आत जेवायचे असते म्हणून तुझ्या आईने दोनदा हाका मारल्या, तरी मी उठलो नाही. तू फारच छान प्रश्न विचारत होतीस. हा लेख किती लोकांपर्यंत गेला? तंत्रशाळेच्या ग्रंथालयात प्रत आहे का? हा धातू आजही कोणी ओतते का? शेवटच्या प्रश्नाला मी अभिमानाने मारुतीरावांच्या फाउंड्रीचे नाव सांगितले, पत्ता सांगितला, कोणकोणत्या कारखान्यांना बुश जातात तेही सांगितले. तू मान डोलावत होतीस. ते कुतूहल होते असे मी अकरा महिने समजत होतो.

मग मी ती रवळूंची गंमत सांगितली, आणि तीच तू दहाव्या परिच्छेदात 'धंद्यातील एका वाचकाचा वेगळा अर्थ' म्हणून घातलीस. रवळू हे खानापूरचे लाकडाचे व्यापारी होते. मुलाला उद्योग लावून द्यावा म्हणून त्यांनी एक बंद पडलेली भट्टी घेतली, माझा लेख वाचला आणि मिस्त्रीला न विचारता, ते आकडे तयार धातूच्या शंभरातले धरून, स्वतः कागदावर हिशोब करून पहिला बुश ओतवला. तो बुश इतका कठीण झाला, की बुश शाबूत राहिला आणि चरकाचा शाफ्टच कापला गेला. ते मला शोधत टिळकवाडीत आले आणि दारातूनच ओरडले, "मास्तर, तुमचा बुश शाफ्ट खाल्ला की वो!" मी त्यांना विचारले, की मिस्त्री काय म्हणाला. ते म्हणाले, "मिस्त्री म्हनला, मालक, उलटं वाचलासा. मी म्हटलं, तू गप ऱ्हा, तुला काय वाचायला येतंय." त्या प्रसंगात धंद्यातला जाणता माणूस मिस्त्री होता, आणि त्याने कोष्टक बरोबर वाचले होते. गंमत ती तेवढीच. तू हसलीस, म्हणजे ती तुला समजली. प्रतिज्ञापत्रात रवळू आहेत, मिस्त्री नाही.

आपले बोलणे २ नोव्हेंबरला झाले आणि स्वरूपच्या ग्राहकांना नोटिसा १६ जानेवारीला गेल्या. ज्या दोन कारखान्यांची नावे मी तुला सोप्यात बसून सांगितली, त्याच दोन कारखान्यांना त्या गेल्या. जानेवारीच्या शेवटी स्वरूप हवालदिल होऊन माझ्याकडे आला, "सर, ह्यांना आमचं गिऱ्हाईक कुनी सांगितलं असंल वो?" असे त्याने विचारले, तेव्हा मी खरोखर विचार करू लागलो. कारखान्याचा कोणी कारकून असेल, असे मी म्हणालो. आता तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. विचारणारही नाही. नोटीस पाठवणारी कंपनी तुझी आहे हे मला कळले, तेव्हा मी तुझ्या आईला काय म्हणालो होतो ठाऊक आहे? मोठी कंपनी आहे, शंभर विभाग असतात, त्रिशलाला याचा पत्ताही नसेल. मी तिला फोन केला तर तिचीच पंचाईत होईल. म्हणून मी तुला या विषयावर एक शब्दही विचारला नाही. तुझी अडचण होऊ नये म्हणून मी गप्प राहिलो, आणि माझे गप्प राहणे तुझ्या फार उपयोगी पडले.

तुझ्या आईला अजून काही सांगितलेले नाही. काल रविवारी तू फोन केलास, तेव्हा मी परसात होतो. ती दारात येऊन म्हणाली, "आवो, या की. पोरगी इचारतीया, आप्पा रागावल्यात काय म्हून. काय केलंय तिनं?" मी हात ओले आहेत असे सांगितले. ते कोरडे होते. चाळीस-पन्नास वर्षे लोकांची वाक्ये दुरुस्त केलेल्या माणसाने आपल्या बायकोशी सरळ खोटे बोलावे, ही पाळी तुझ्यामुळे माझ्यावर आली, आणि मला त्याचा संताप आहे. आई पुढे म्हणाली, की तू तिला सांगत होतीस, "आई, ते कामाचं आहे, घरचं नाही." हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. परंतु पाडव्याला सोप्यात बसलेली तू कामाची होतीस की घरची, ते मला कळले पाहिजे. कारण त्या दिवशी दुपारी मी जिच्याशी बोललो, ती कोण होती हे ठरल्यावाचून मला पुढचे काहीच ठरवता येत नाही.

आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. तुझ्या प्रतिज्ञापत्राला उत्तर देण्यासाठी स्वरूपला एक महिन्याची मुदत आहे, आणि ते उत्तर म्हणजे माझे प्रतिज्ञापत्र. शुक्रवारी मी कॅम्पात जाऊन पूर्णिमाला सातही ओळी दाखवल्या. ती हुशार मुलगी आहे. सातवी ओळ पाहून ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. मग तिने रीतसर विचारले, "सर, या बाईंशी तुमची ओळख कशी?" मी सांगितले. ती परत खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "सर, हे आपण लिहिलं तर त्यांचा एकही परिच्छेद उभा राहणार नाही. पण त्यांची नोकरीही नाही राहायची. लिहायचं का, तुम्हीच सांगा." मी तिला १८ तारखेपर्यंत थांबायला सांगितले आहे. त्या दिवशी मी सही करणार आहे. त्यात सातवी ओळ असेल, मिस्त्री असेल, पाडवा असेल, आणि पहिल्याच परिच्छेदात, नियमाप्रमाणे, तू माझी कोण हेही असेल. मी ते गाळणार नाही. कोणी गाळले म्हणून मारुतीरावांची भट्टी थंड झाली आहे, आणि मी तेच पुन्हा करू शकत नाही. मी तुला बाजू बदलायला सांगत नाही; तुझे मत तुझे आहे, ते तू लढव. मात्र १८ तारखेच्या आत तू स्वतः दुरुस्त प्रतिज्ञापत्र दाखल केलेस, पूर्ण कोष्टक आणि खऱ्या तारखा घालून, तर माझ्या कागदात तुझ्याविषयी लिहिण्यासारखे एवढेच उरेल, की आपले नाते काय. चूक दुसऱ्याने दाखवण्याआधी आपण शोधावी, एवढी संधी मी प्रत्येक विद्यार्थ्याला दिली आहे. तुला ती द्यायची की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. दिवाळीला तू येशील का, हे तुझी आई विचारते आहे. तिला काय सांगायचे ते १८ तारखेनंतर ठरेल, आणि ते मी ठरवणार नाही.

दुरुस्त्यांची यादी खाली जोडली आहे. परिच्छेदांचे क्रमांक तुझ्या प्रतिज्ञापत्राचे आहेत.

अजूनही तुझाच,
आप्पा
(आप्पाण्णा मगदूम)

दुरुस्त तारखा

परिच्छेद ४. 'स्मरणिका, तारीख नाही, अंदाजे १९९६.' चूक. ११ फेब्रुवारी १९९०, रविवार. तारीख मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापलेली आहे.

परिच्छेद ६. 'सदर लेख कंपनीच्या निदर्शनास प्रथम ऑगस्ट २०२५ मध्ये आला.' चूक. २ नोव्हेंबर २०२४. मूळ प्रत त्या दिवशी तुझ्या हातात होती.

परिच्छेद ७. 'नोटिसा पाठवताना असा कोणताही लेख ज्ञात नव्हता.' नोटिशीची तारीख १६ जानेवारी २०२५ ही बरोबर आहे. वाक्य चूक आहे.

परिच्छेद ९. 'लेखकाशी संभाषण, ऑगस्ट २०२५.' चूक. २ नोव्हेंबर २०२४, शनिवार, बलिप्रतिपदा.

परिच्छेद १०. 'एका वाचकाचा वेगळा अर्थ, १९९८.' चूक. मे १९९०.

परिच्छेद २. 'प्रस्तुत लेखकाशी माझा पूर्वपरिचय नाही. त्यांच्याशी माझा पहिला संपर्क ऑगस्ट २०२५ मध्ये झाला.' चूक. लेखकाशी तुझी पहिली भेट १४ ऑगस्ट १९७९ रोजी, मंगळवारी, बेळगावात, कॅम्पातल्या प्रसूतिगृहात झाली. साक्षीदार: तुझी आई.